बंद पाकिटाने शोध वाचत नाही

"पेटंटवर पैसे घालू नका. शोधाचं चित्र पाकिटात घालून स्वतःलाच टपालाने पाठवा आणि पाकीट फोडू नका. नाहीतर सरळ व्हिडिओ टाका, तारीख पडली की शोध तुमचा." असा एक मेसेज फिरतोय. भाच्याने कडीचं एक नवीन झाकण बनवलंय. काल त्याने तो मेसेज मला पाठवला आणि विचारलं, "मग झाकणाचा व्हिडिओ टाकू ना?"

अजिबात टाकू नकोस. सगळ्यात घातक सल्ला हाच आहे. अर्जाच्या दिवसापर्यंत ती गोष्ट लोकांसमोर आलेली नसावी, ही पेटंटची पहिली अट. युरोपियन पेटंट कराराचं कलम ५४ स्पष्ट आहे: लेखी, तोंडी, वापरातून किंवा इतर कुठल्याही मार्गाने त्या तारखेआधी जे उघड झालं, ते नवीन नाही. ते शोधकाने स्वतःच उघड केलं असलं तरीही. व्हिडिओत झाकणाची कडी कशी अडकते ते दिसलं, की दुसऱ्या दिवशी केलेला अर्ज तुमच्याच व्हिडिओवर आपटतो. अमेरिका आणि जपान स्वतः उघड केलेल्या शोधाला एक वर्षाची सवलत देतात, एवढं अर्धसत्य मान्य. पण जपानमध्ये ती अर्ज करतानाच मागावी लागते, आणि युरोपचं दार तोवर बंद झालेलं असतं.

पाकिटाने नवीनता जात नाही, पण हक्कही मिळत नाही. हक्क आधी अर्ज करणाऱ्याचा. मार्च २०१३ पासून अमेरिकेतही तसंच आहे. शिवाय पाकीट उघडंच पाठवून नंतर चिकटवता येतं. तारखा घातलेली वही मात्र जरूर ठेवा. भागीदाराने कल्पना पळवली तर ती कामी येते.

आधी अर्ज, मग व्हिडिओ. त्याआधी कुणाला दाखवायचंच असेल तर गोपनीयतेचा करार करून. जिथे प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख पकडून ठेवणाऱ्या प्राथमिक अर्जाची सोय आहे तिथे तो करा. पेटंटसारख्या हक्कांबाबतच्या पॅरिस करारामुळे (हवामानाचा तो वेगळा) पुढचे १२ महिने इतर देशांत तीच तारीख धरता येते. मात्र त्यात जे लिहिलंच नाही, त्याला ती तारीख मिळत नाही. दोन ओळींचा अर्ज म्हणूनच फुकट जातो.

"एक पेटंट जगभर चालतं" हेही खोटं. पीसीटी, म्हणजे पेटंट सहकार्य करार, याखालचा अर्ज हा फक्त अनेक देशांसाठीचा सामाईक अर्ज. पहिल्या तारखेपासून साधारण ३० महिन्यांत देशोदेशी स्वतंत्रपणे जावंच लागतं.

राहिलं "दुसऱ्याच्या पेटंटच्या वस्तूत १० टक्के बदल केला की सुटका". अशी टक्केवारी कायद्यात नाही. बघतात ते दावे, म्हणजे अर्जातले क्लेम: नेमक्या कशावर हक्क मागितलाय ते सांगणारी वाक्यं. दाव्यात झाकण, बिजागरी आणि कडी असेल आणि समोरच्याच्या वस्तूत हे तिन्ही असेल, तर रंग बदलून किंवा वर हँडल लावून तो सुटत नाही. पण तुम्ही "स्टीलची स्प्रिंग" असं लिहून बसलात आणि त्याने रबराची पट्टी लावली, तर तो बहुधा निसटतो. म्हणून मुख्य दाव्यात "कडी मागे ढकलणारा लवचीक भाग" लिहायचं, स्प्रिंग पुढच्या दाव्यात घ्यायची, आणि रबराची पट्टी वर्णनात पहिल्याच दिवशी घालायची. ती नंतर घुसडता येत नाही.