एवढ्याशा पंपाने काय होणार?

जुनी एमजीबी, म्हणजे एमजीची ती ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घेतलीत, अभिनंदन. रंग झाला, वायर व्हील्स चकाकली, सोसायटीच्या गेटसमोर फोटोही झाले. (‘ही एमजीची नवीन इलेक्ट्रिक का?’ असं वॉचमनने विचारलं असेल तर त्याला माफ करा. २०१९ पासून बिचाऱ्याने एमजी म्हणजे हेक्टरच पाहिलीय.) आता एकच किरकोळ काम उरलं, सर्व्हिसिंग. त्यासाठी गाडीबरोबर आलेलं हँडबुक उघडायची गरज नाही. इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातल्या लोकांनी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ही गाडी बनवली, पाच लाखांवर गाड्या काढल्या, पण त्यांच्याकडे यूट्यूब कुठे होतं?

आधी फ्युएल पंप बदला. बिघडलाय का, हा प्रश्न गौण आहे. किल्ली फिरवली की मागच्या उजव्या चाकाच्या बाजूने टिक-टिक-टिक असा आवाज येतो, कार्बोरेटरच्या (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) वाट्या भरल्या की थांबतो, आणि गाडी चालू झाली की पुन्हा अधूनमधून टिक. हा एसयू कंपनीचा पंप. दाब किती, तर सुमारे तीन पीएसआय (चौरस इंचाला पौंड, दाबाचं माप). तीन! सायकलच्या टायरमध्येसुद्धा याच्या कितीतरी पट असतो. स्पोर्ट्स कार म्हणवणाऱ्या गाडीला हे शोभत नाही. तेव्हा नाना पेठेत जा आणि इंजेक्शनवाल्या गाडीचा दणदणीत पंप आणा, चाळीस पीएसआयच्या वरचा. दुकानदार विचारेल, ‘कुठल्या गाडीला?’ सांगू नका. सांगितलंत तर तो देणार नाही.

हा पंप बसवल्यावर काय होतं ते बघण्यासारखं आहे. कार्बोरेटरच्या वाटीत एक फ्लोट असतो. पेट्रोल पुरेसं आलं की तो वर येतो आणि एक छोटी सुई दाबून रस्ता बंद करतो. त्या सुईला तीन पीएसआयची सवय. चाळीसपुढे ती काय टिकणार? वाटी ओसंडते आणि पेट्रोल बाहेर पडायला लागतं. आता एमजीबीची रचना आठवा. दोन्ही कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा गरम धूर बाहेर नेणारा भाग) इंजिनाच्या एकाच अंगाला, कार्बोरेटर वर, तापलेला मॅनिफोल्ड खाली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी आपल्याकडे जुनी तक्रार आहे. इथे ती राहत नाही, सगळं एकाच ठिकाणी मिळतं. प्रेशर रेग्युलेटर नावाची एक वस्तू बाजारात असते, पण ती लावली की दाब पुन्हा तीनवर येतो. मग नवीन पंपाचे पैसे वसूल कसे व्हायचे? अपघातात पंप आपोआप बंद करणारा स्विचही मिळतो. तोही नको. आपण काय अपघात करायला निघालोय का?

पंपाची टिक-टिक बंद पडली आणि गाडी जागची हलेना, तर मात्र तडक नवीन पंप मागवा. जुन्या पंपातले पॉइंट्स (वीज जोडणारे-तोडणारे छोटे संपर्क) काळे पडलेत का, अर्थची वायर गंजलीय का, सीटच्या मागे झाकणाखाली लपलेल्या दोन सहा-सहा व्होल्टच्या बॅटऱ्यांची टर्मिनलं पांढरी झालीत का, हे बघायला वाकावं लागतं. एवढं वाकून दहा रुपयांच्या पॉलिश पेपरने काम झालं तर चारचौघांत सांगणार काय? रोग रेड्याला आणि औषध पखालीला ही आपली परंपरा आहे, ती मोडू नका. नवीन पंप येईल, बसेल, आणि त्याच गंजलेल्या अर्थवर तोही गप्प बसेल. मग दुसरा मागवायचा.

जुने लोक अशा वेळी खाली वाकून पंपाला हलकासा ठोका द्यायचे. चिकटलेले पॉइंट्स सुटायचे आणि गाडी घरापर्यंत यायची. हाताला काही नसलं तर पायातलं काढून. यात अपमान काही नाही. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन, आणि हे स्किनर बंधू मुळात बुटांच्या व्यापारातल्या घराण्यातले. त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरमध्ये चामड्याचा भाता होता. तेव्हा पंपाला चप्पल लागली तर ती घरचीच म्हणायची. हाच पंप आजही इंग्लंडात सॅलिसबरीला बनतो, पॉइंट्सची कटकट नसलेला इलेक्ट्रॉनिकसुद्धा, दाब तोच आणि बसतो जुन्या जागी. पण त्यात अपग्रेड काय झालं?

पेट्रोलचा तर प्रश्नच नाही, जे मिळेल ते टाका. हल्ली बहुतेक ठिकाणी वीस टक्के इथेनॉलवालंच मिळतं, आणि महाराष्ट्रात राहून इथेनॉलबद्दल वाईट बोलायचं म्हणजे साखर कारखान्याच्या गेटवर उभं राहून उसाला नावं ठेवण्यासारखं आहे. पन्नास वर्षांपूर्वीचे रबरी पाइप आहेत तसेच ठेवा. त्यांनी उभ्या आयुष्यात इथेनॉल पाहिलेलं नाही, आता चाखू द्या. ते फुगतील, मऊ पडतील, मग बोटाने दाबलं की वरचं आवरण भेगाळेल आणि आतून काळं काळं सुटून फिल्टरमध्ये जाऊन बसेल. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं साचलेला चिकट थरही इथेनॉल इमानदारीने सोडवून पुढे पाठवतं. फिल्टर तुंबला की गाडी ओढत नाही. मग परत म्हणायचं, पंप कमी पडतोय, अजून मोठा आणू!

पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर चार महिने झाकून ठेवायला विसरू नका. इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं, पुरेसं झालं की पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं आणि टाकीचा पत्रा आतून खातं. शिवाय इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. नव्या गाडीचा कॉम्प्युटर ते ओळखून इंधन वाढवतो. एसयू कार्बोरेटरमध्ये कॉम्प्युटर नाही, एक नट आहे. तो थोडा फिरवला की मिश्रण सुधारतं. पण एवढ्या भारी गाडीला पाना लावायचा म्हणजे जरा हलकंच वाटतं, नाही का?

इंजिन ऑइल घेताना डब्यावरची किंमत बघा, जाडीचे आकडे बघू नका. हँडबुकवाले २०डब्ल्यू-५० म्हणतात, तुम्ही ०डब्ल्यू-२० फुल सिंथेटिक घाला. पाण्यासारखं पातळ असल्यामुळे ते कुठल्याही जुन्या सीलमधून बाहेरचा रस्ता शोधतं आणि पार्किंगच्या फरशीवर तुमची हजेरी लावतं. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅम आणि टॅपेटच्या घासणाऱ्या पृष्ठभागांना लागणारं जस्त-फॉस्फरसही त्यात कमीच असतं, कारण नव्या गाड्यांच्या धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस सोसत नाही. तुमच्या गाडीला कन्व्हर्टर नाही. म्हणजे नसलेल्या कन्व्हर्टरसाठी असलेला कॅम झिजवायचा. याला म्हणतात पर्यावरणाची काळजी.

गिअरबॉक्समध्ये हेच २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल घालायचं असतं, हे मेकॅनिकला सांगून बघा. तो तुमच्याकडे जरा दयेनेच बघेल. ‘साहेब, गिअरबॉक्सला गिअर ऑइल.’ मान डोलवा. जीएल-५ दर्जाचं जाड गिअर ऑइल आत गेलं की त्यातलं गंधक गिअर अलगद पाडणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांवर काम करायला लागतं. ओव्हरड्राइव्ह (हायवेला इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) असेल तर तोही गिअरबॉक्सच्याच तेलावर चालतो, त्यामुळे त्याचंही परस्पर होऊन जातं. ते जाड तेल मागच्या ॲक्सलसाठी योग्य असतं, पण तिथलं तेल बघायला गाडी उचलावी लागते. राहू द्या.

ब्रेक ऑइल हा सगळ्यात निवांत विषय, कारण ब्रेक लागतात तोवर कोणी त्याची आठवण काढत नाही. डॉट ४, म्हणजे नेहमीचं ब्रेक ऑइल, नवीन असताना २३० अंशांच्या पुढे उकळतं. हवेतलं पाणी पिऊन जुनं झालं की त्याची हमी फक्त १५५ अंशांची. म्हणून दर दोन वर्षांनी बदला म्हणतात. तुम्ही बदलू नका, गाडी खंडाळ्याचा घाट उतरायला न्या. सतत ब्रेक दाबून कॅलिपर तापले की आतलं पाणी उकळतं, वाफ होते, आणि वाफ तेलासारखी ताठ न राहता दाबली जाते. पेडल गाडीच्या तळाला टेकतं आणि समोरचा ट्रक आहे तिथेच असतो.

त्याहून हौस असेल तर डॉट ५ सिलिकॉन आणा. रंग सुंदर जांभळा. जुनं काढून, सिस्टीम सुकवून, सील बदलून मगच ते भरायचं असतं. तुम्ही जुन्यावरच वरून ओता. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, तेव्हा ब्रेक दाबताना आज यापैकी कोणाची पाळी ही उत्सुकता राहते. आणि ब्रेक ऑइल संपलं म्हणून कोणी हायड्रॉलिक ऑइल पुढे केलं तर नको म्हणू नका, दोन्ही हायड्रॉलिकच. सगळे रबर सील फुगून अडकतात, ब्रेकचे आणि क्लचचेही. क्लच पण ब्रेक ऑइलवरच चालतो, हा एमजीबीचा खास फायदा. साधं डॉट ४ मात्र भरताना दोन थेंब रंगावर नक्की सांडा आणि पुसू नका. उद्या सकाळी तिथे फुगे आलेले दिसतील.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी. क्षार जमायलाही थोडा वेळ लागतो, घाई करू नका.

एवढं सगळं निगुतीने केलंत की वर्षभरात गाडी विकायला काढायची वेळ येईल. जाहिरात अशी द्या: ‘एमजीबी, एकहाती वापर, पंप नवीन (तीन वेळा), सर्व ऑइल फुल सिंथेटिक, ब्रेकला खास जांभळं ऑइल, फक्त स्टार्टिंगचा किरकोळ इश्यू, बॅटरी बदलली की चालू.’ किंमत घेतलेल्यापेक्षा लाखभराने जास्त लावा. आणि हँडबुक प्लॅस्टिकमधून न काढता सोबत द्या, कोरं असल्याचे वेगळे पैसे मिळतात.