आधी दवाखाना की आधी नोंद? एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

सार्वजनिक सेवांच्या डिजिटलीकरणावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपले आक्षेप तीन आहेत. शाळा आणि दवाखाने अपुरे असताना संगणकप्रणालींवर खर्च करणे म्हणजे उलटी गंगा वाहवणे होय. या खर्चातून भले होते ते कंत्राटदारांचे. आणि यंत्राने चूक केली की सामान्य माणसाला दाद मागायला जागा उरत नाही. यांपैकी तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पहिला मात्र मला मान्य नाही.

दवाखाना आधी आणि नोंद नंतर, असा क्रम प्रत्यक्षात लावता येत नाही. कोणत्या जिल्ह्यात लशींचा साठा संपत आला आहे, कुठे बाळंतपणातील मृत्यू वाढत आहेत, हे वेळेवर कळले नाही तर बांधून झालेला दवाखानाही निम्म्या उपयोगाचाच राहतो. वर्णभेदाची राजवट संपली तेव्हा दक्षिण आफ्रिकेत आरोग्यसेवा वंशांनुसार विभागलेल्या होत्या आणि त्यांच्या नोंदीही विखुरलेल्या होत्या. त्या एकत्र आणण्यासाठी १९९०च्या दशकात जिल्हा पातळीवर जे काम सुरू झाले, त्यातूनच नॉर्वेतील ओस्लो विद्यापीठाच्या सहभागाने ‘डीएचआयएस’ ही जिल्ह्यांच्या आरोग्यनोंदी ठेवणारी संगणकप्रणाली घडली. तिची पुढची आवृत्ती आज ७०हून अधिक देशांत वापरात आहे. ती मुक्त स्रोत, म्हणजे कोणालाही वापरायला आणि बदलायला खुली असल्याने परवान्याचे शुल्क पडत नाही. खर्च होतो तो मुख्यतः माणसे शिकवण्यावर आणि टिकवण्यावर, आणि तो व्हायलाच हवा.

कंत्राटांविषयी थोडक्यात सांगतो. युक्रेनने २०१६मध्ये सरकारी खरेदीसाठी ‘प्रोझोरो’ ही ऑनलाइन व्यवस्था बंधनकारक केली, तेव्हापासून तिथे कोणी किती बोली लावली हे कोणालाही पाहता येते. गैरव्यवहार त्यामुळे संपतो असे नाही, पण तो लपवणे अवघड होते.

आता तिसऱ्या आक्षेपाकडे वळतो. ऑस्ट्रेलियातील ‘रोबोडेट’ प्रकरण आपल्या बाजूने बोलते. कल्याणकारी भत्ता घेणाऱ्यांचे वार्षिक करपात्र उत्पन्न २६ पंधरवड्यांत समान वाटून, त्या सरासरीच्या आधारे ‘तुम्ही भत्ता जास्त घेतला’ अशा नोटिसा काढल्या गेल्या. सहा महिने नोकरी आणि सहा महिने बेकारी अशी ज्याची स्थिती होती, त्याला या हिशेबाने बेकारीच्या काळातही कमावता ठरवले. जुन्या पगारपावत्या शोधून स्वतःचा निर्दोषपणा सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच टाकला होता. ४ लाखांहून अधिक लोकांवर चुकीची देणी लादली गेली; २०१९मध्ये ही पद्धत न्यायालयात टिकली नाही आणि २०२३मध्ये चौकशी आयोगाने तिच्यावर कठोर ठपका ठेवला. तरीही माझे म्हणणे असे की, सरासरीलाच पुरावा मानायचे आणि त्यावर माणसाची नजर फिरण्याआधीच वसुली सुरू करायची, हे यंत्राने ठरवले नव्हते. हे प्रशासनाचे निर्णय होते. कागदी फायलींवरही ते घेता आले असते. संगणकामुळे त्यांचा वेग आणि व्याप भयावह झाला, एवढे मात्र खरे.

म्हणूनच मला एस्टोनियाचे उदाहरण अधिक बोलके वाटते. २००१पासून तिथे ‘एक्स-रोड’ ही देवाणघेवाणीची व्यवस्था आहे. सर्व माहितीचे एकच कोठार तिथे नाही. प्रत्येक खाते आपल्या नोंदी आपल्याकडेच ठेवते आणि कायदेशीर गरजेपुरत्या दुसऱ्याला देते. कोणत्या खात्याने आपली माहिती पाहिली हे नागरिकाला बऱ्याच अंशी तपासता येते. डिजिटल प्रणाली उभारताना पहिली मागणी याच सोयीची असावी, असे माझे ठाम मत आहे. संकेतस्थळ देखणे नसले तरी चालेल.

इंटरनेट नसलेल्यांचे काय, असे आपण शेवटी विचारले आहे. डेन्मार्कने २०१४पासून सरकारी पत्रव्यवहार डिजिटल पेटीतूनच बंधनकारक केला, पण ज्यांना ते जमत नाही त्यांना सूट घेऊन कागदी पत्रे मिळवता येतात. अशी सूट प्रत्येक प्रणालीत कायद्यानेच असावी, आणि ती मागण्याचा अर्ज अर्थातच खिडकीवर जाऊन करता यावा.