दुप्पट मापाचं ड्रिल म्हणजे काउंटरसिंक नव्हे

"काउंटरसिंक बिट वेगळं कशाला? दुप्पट मापाचं ड्रिल टेकवा, झालं काम. घ्यायचंच तर 82 अंश काय नि 90 काय, सारखंच. धारा जितक्या जास्त तितकं तोंड गुळगुळीत. चॅटर आला तर आरपीएम वाढवा." हा सल्ला धातूकाम करणाऱ्यांत जोरात फिरतोय. काउंटरसिंक म्हणजे स्क्रूचं डोकं पृष्ठभागात बुडावं म्हणून भोकाच्या तोंडाला दिलेला शंकूसारखा उतार; 82 नि 90 हे त्या शंकूचे कोन, धारा म्हणजे बिटच्या कापणाऱ्या कडा, चॅटर म्हणजे कापताना बिटचं थरथरणं. चारपैकी एक दावा अर्धा खरा आहे, बाकीचे तीन जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, बिघडवतात.

आधी ड्रिल. साध्या ड्रिलचं टोक 118 अंशांचं, मेट्रिक सीएसके (काउंटरसंक, म्हणजे शंकूसारख्या डोक्याच्या) स्क्रूचं डोकं 90 अंशांचं. एम6, म्हणजे 6 मि.मी. चा मेट्रिक स्क्रू घ्या: आरपार भोक 6.6 मि.मी., डोकं साधारण 12 मि.मी. तोंड 12 मि.मी. होईपर्यंत ड्रिल उतरवलं, तर त्याचा उतार जेमतेम 1.6 मि.मी. खोल होतो. डोक्याला हवेत 2.7. म्हणजे डोकं मि.मी.भर वर राहतं. हट्टाने आणखी खोल गेलात तर डोकं बुडेल, पण टेकेल फक्त आतल्या कडेवर, भोवती सगळी फट. आवळताना ती बारीक कड दबते आणि नंतर स्क्रू सैल पडतो. शिवाय तयार भोकात ड्रिलच्या टोकाला आधार नसतो, त्यामुळे तोंड गोल न होता तिकोनी निघतं. पितळेत तर ड्रिल स्वतःहून आत ओढलं जातं. हाताने फिरवून बर (भोकाच्या काठावर उरलेली खरखरीत धार) काढायला मात्र मोठं ड्रिल चालतं, त्याला हरकत नाही.

82 आणि 90 सारखे नाहीत. 82 अंश इंची स्क्रूसाठी, 90 मेट्रिकसाठी. 90 चं डोकं 82 च्या खोबणीत फक्त वरच्या काठावर टेकतं, खाली पोकळी राहते. वरून बघून हे कळत नाही, म्हणून खपून जातं.

धारांचं म्हणणं अर्धं खरं. स्पिंडल (बिट फिरवणारा दांडा) आणि जॉब दोन्ही पक्के असतील तर जास्त धारांचं बिट छान चालतं. हातातल्या ड्रिल मशीनवर मात्र तेच थरथरतं आणि तोंडावर लाटा उठतात. तिथे एकाच धारेचं, किंवा तिरकं आरपार भोक असलेलं बिट घ्या. पिलर ड्रिलवर (खांबावर बसवलेल्या ड्रिल मशीनवर) रोजच्या कामाला तीन धारांचं 90 अंशी पुरतं: एम5 ला 10.4, एम6 ला 12.4, एम8 ला 16.5 मि.मी. व्यासाचं.

आरपीएम वाढवणं साफ उलटं. चॅटर आला की वेग उतरवायचा आणि फीडचा, म्हणजे बिट खाली उतरवण्याचा, दाब वाढवायचा. 12.4 मि.मी. चं एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिट एमएसमध्ये (माइल्ड स्टीलमध्ये) 250 आरपीएमच्या आसपास ठेवा, कटिंग ऑइल लावा. एसएसमध्ये (स्टेनलेस स्टीलमध्ये) त्याहूनही कमी, आणि बिट नुसतं घासत ठेवू नका. पृष्ठभाग कडक होतो आणि मग धारच जाते. बीड (कास्ट आयर्न) कोरडंच कापा.

खोलीसाठी स्टॉप लावाच: 90 अंशात 0.1 मि.मी. खाली गेलं की तोंड 0.2 ने मोठं होतं. पत्रा 2 मि.मी. चा असेल तर एम6 चं डोकं त्यात मावतच नाही. भोकाची कड चाकूसारखी होते आणि डोकं पत्र्याखालच्या भागावर टेकतं. तिथे बिट बदलून उपयोग नाही, छोटा स्क्रू किंवा जाड पत्रा घ्यावा लागतो.