बाक काढला, कटकट गेली म्हणे

सकाळी इमारतीच्या ग्रुपवर फोटो आला. फाटकाबाहेरचा बाक उखडलाय आणि खाली टाळ्यांची रांग. "बरं झालं, कटकट गेली." कटकट कोण? तर संध्याकाळी तिथे टेकणारी सत्तरी-ऐंशीची माणसं.

बाबांच्या वाचनालयाच्या वाटेवरचा बाक असाच गेला होता. तिथे ते दम खायचे आणि मग पुढे जायचे. बाक गेल्यावर त्यांनी तक्रार केली नाही, फक्त "आज नको, उद्या बघू" सुरू झालं. त्या वयात चालणं थांबलं की पायातली ताकद भराभर जाते, तोलही जातो. बाबा घरातच पडले, खुबा मोडला. सगळे म्हणाले, वय झालं. अहो, बाक होता तेव्हा काय तरुण होते ते?

पासष्टीनंतरही आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. छान. पण चालायचं कुठे? रस्ता ओलांडायच्या सिग्नलचा हिशेब बऱ्याच ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्या माणसाचा असतो. म्हणजे १२ मीटरच्या रस्त्याला १० सेकंद. ज्याचा वेग ०.८ आहे, त्याचा दिवा लाल होतो तेव्हा चार मीटर रस्ता शिल्लक असतो आणि गाडीवाले हॉर्न बडवत असतात.

आणि स्वच्छतागृहं! बाबा तर बाहेर जायचं म्हटलं की आधी पाणीच पीत नसत. म्हातारपणी तहान तशीही कमी लागते, त्यात रक्तदाबाच्या गोळ्या. चक्कर यायला आणखी काय हवं?

याच जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली ३३ शहरांतल्या वृद्धांना विचारून, शहर म्हाताऱ्यांना सोयीचं कसं करावं याची मार्गदर्शिका काढली. त्यात बसायच्या जागा आहेत, स्वच्छतागृहं आहेत. आपण मात्र म्हाताऱ्यांना पावलं मोजणारं घड्याळ भेट देतो.

बरं, रात्री त्या बाकावर टोळकी धिंगाणा घालतात, मान्य. मग टोळकी हाकला की!

चिडून लिहितेय खरी. ग्रुपवर टाळ्या वाजवणारे निम्मे माझेच मित्र आहेत, आईवडिलांच्या औषधांसाठी रात्री-अपरात्री धावणारे. पण बाबांना औषध कधी कमी पडलं नाही हो. कमी पडली ती वाचनालयातली भांडणारी मंडळी. वर्तमानपत्र घरीही यायचं, तसंच घडी घातलेलं पडून राहायचं. वाद घालायलाच कुणी नसेल तर वाचून करायचं काय?

आणि "त्यांनी घरात आराम करावा ना" असं लिहिणाऱ्या शहाण्याने स्वतः महिनाभर घरात बसून दाखवावं, मग बोलू.

रविवारी बैठक आहे. बाक परत हवाय, पाठ असलेला आणि उठताना धरायला दोन्ही बाजूंनी हात असलेला. नुसता सिमेंटचा ओटा बांधून देऊ नका, गुडघे दुखणाऱ्याला त्यावरून उठता येत नाही. पटत असेल तर या, घरातल्या वडीलधाऱ्यांनाही आणा. बाक नेमका कुठे हवा ते त्यांनाच विचारू.