‘काम नाही तर जेवण नाही’? ती ओळ आधी नीट वाचा

दादाने अमेरिकेतल्या एडिसनहून घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला आणि काल पुण्याहून आईचा फोन आला, “तू शनिवारी ज्या चर्चमध्ये धान्य वाटायला जातेस, ते लोक सरकारचे पैसे खातात का गं?” आईला असं विचारावं लागलं, म्हणून हे लिहितेय.

फॉरवर्डचं म्हणणं असं: अमेरिकेतले लुथरन (मार्टिन ल्यूथरला मानणारे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती) मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्यविमा) आणि स्नॅप (किराणा घ्यायचं सरकारी कार्ड) यांच्या कपातीला विरोध करतात, कारण त्यांची सरकारी कंत्राटं बुडतील. कपात फक्त धडधाकट आळशांची आहे, आणि ‘काम नाही तर जेवण नाही’ हे बायबलच सांगतं. फायदा बेकायदा राहणारे लाटतात. गरिबांना जेवू घालणं चर्चचं काम, सरकारचं नव्हे.

कंत्राटांचं अर्धं खरं आहे. लुथरन संस्था वृद्धाश्रम आणि दवाखाने चालवतात, त्यांना मेडिकेडचे पैसे मिळतात. पण अमेरिकेत नर्सिंग होममधल्या दर दहापैकी सहा जणांचा खर्च मेडिकेडच उचलतं. ते पैसे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांवर खर्च होतात.

आता ‘आळशी’. याचा मला खरा संताप आहे. ही कपात आणणाऱ्या जुलै २०२५ च्या कायद्याने मेडिकेडवरच्या अनेक प्रौढांना महिन्याला ८० तास कामाचा पुरावा देणं बंधनकारक केलं. स्नॅपची तशीच अट ५४ ऐवजी ६४ वर्षांपर्यंत नेली. मेडिकेडच्या अटीचा हा प्रयोग आर्कान्सा राज्यात २०१८ साली होऊन गेलाय. तिथे तास ऑनलाइन नोंदवायचे होते आणि ती वेबसाइट रात्री नऊ ते सकाळी सात बंद असायची! काही महिन्यांत १८,००० हून अधिक लोकांचा विमा गेला. २०१९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याचा अभ्यास आला. रोजगार वाढलाच नव्हता. ज्यांना ही अट लागू होती त्यांतले ९५ टक्क्यांहून जास्त लोक आधीच ती पूर्ण करत होते किंवा सवलतीला पात्र होते. म्हणजे विमा गेला तो मुख्यतः कागदपत्रांपायी. आणि बायबलमधल्या, थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रातली ‘काम नाही तर जेवण नाही’ ही ओळ काम करायची *इच्छा* नसलेल्यांबद्दल आहे. फॉर्म भरता न आलेल्यांबद्दल नाही.

बेकायदा राहणाऱ्यांना स्नॅप मिळतच नाही. ग्रीन कार्ड असलेल्या बहुतेक प्रौढांनाही पाच वर्षं थांबावं लागतं, हे दादाला माहीत असायला हवं. नव्या कायद्याने तर रीतसर आलेल्या निर्वासितांनाही वगळलंय. स्नॅपच्या वाटपात २०२४ मध्ये सुमारे ११ टक्के चुका निघाल्या, हे मान्य. पण त्यात कमी दिलेले पैसेही धरलेले आहेत आणि कारकुनांच्या चुकाही.

राहिलं चर्चचं काम. ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेतल्या ‘आमची रोजची भाकर’ या शब्दांचा अर्थ सांगताना मार्टिन ल्यूथरने १५२९ मध्येच त्यात चांगलं सरकारही धरलं होतं. त्यामुळे खासदारांना पत्रं लिहा, असं इव्हँजेलिकल लुथरन चर्च आपल्या सभासदांना सांगतं, ते त्यांच्या श्रद्धेला धरूनच. देशभरच्या फूड बँकांना (गरजूंसाठी धान्य गोळा करणाऱ्या संस्थांना) जोडणारी ‘फीडिंग अमेरिका’ म्हणते, आम्ही एक जेवण देतो तेव्हा स्नॅप नऊ देतं. आमच्या चर्चच्या फूड शेल्फवर (फुकट धान्यवाटप केंद्रावर) दुपारी बारालाच डाळी आणि दूध संपतं. ती नऊ जेवणं आम्ही कुठून आणायची?

दादा, आईला आजच फोन कर आणि हे तूच सांग.