खाजणाचा सामू सात आला, म्हणून चर खणायचा?

शेतकऱ्यांच्या गटांत एक मेसेज फिरतोय. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, सार असे: ‘समुद्राकाठची जमीन म्हणजे खारी जमीन, सगळीकडे सारखीच. सामू (pH, मातीचा आंबटपणा सांगणारा आकडा; जितका कमी तितकी माती आंबट) सहा-सात असेल तर काळजी नाही. खोल चर खणून पाणी काढा, जिप्सम टाका, दोन पावसाळ्यांत जमीन गोडी होते.’ सोबत पुरावा म्हणून चरातल्या नितळ पाण्याचा फोटो.

कोकणातल्या बऱ्याच खार जमिनींना यातला निम्मा सल्ला लागू पडतो, म्हणूनच तो टिकून आहे. तिथे दुखणे मिठाचे. बांध धड असेल आणि उघाडी, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, वेळेवर उघडली-मिटली तर पाऊसच मीठ धुऊन नेतो. पण हाच मेसेज केरळातल्या कुट्टनाडला लावला, किंवा कांदळवन तोडून, बांधाने भरती अडवून केलेल्या जुन्या खाजणाला, तर तो घात करू शकतो.

‘सगळीकडे सारखीच’ हे तर कुट्टनाडचा शेतकरीच मानणार नाही. त्याच्याकडे तीन नावे आहेत: नदीकाठची करप्पाडम, वेंबनाड सरोवरातून बांध घालून काढलेली कायल, आणि करी. करी म्हणजे कोळशासारखी काळी, आत कुजक्या लाकडाचे ओंडके सापडणारी, आणि कमालीची आंबट. हा आंबटपणा मिठातून आलेला नाही. समुद्राच्या पाण्यातले सल्फेट, गाळातले लोह आणि कुजणारा पालापाचोळा हे तिन्ही हवा न लागणाऱ्या चिखलात एकत्र आले की जिवाणू त्यांतून पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज, घडवतात. पाण्याखाली असेतो हे पायराइट निमूट पडून राहते. हवा लागली की त्याचे गंधकाम्ल होते. अशा मातीला आम्ल सल्फेट माती म्हणतात.

आता सामूकडे येऊ, कारण मेसेजची खरी चूक तिथे आहे. पायराइट असलेल्या ओल्या चिखलाचा सामू सहा-सात येऊ शकतो, आणि तो आकडा खोटा नसतो. फक्त तो आजचा असतो. आधीच आंबट झालेल्या शेतात पाणी साठवून ठेवले तरी काही आठवड्यांत सामू वर चढतो. तेव्हा भाताच्या उभ्या पाण्यात घेतलेल्या एका मोजणीवरून जमिनीची जात ठरत नाही. म्हणून अमेरिकी मृदावर्गीकरणात या मातीची कसोटी काळावर लावली आहे. मातीचा एक सेंटिमीटर जाडीचा थर ओलसर, पण हवा लागेल असा, खोलीच्या तापमानाला १६ आठवडे किंवा त्याहूनही जास्त ठेवायचा. सामू अर्ध्या अंकाने किंवा अधिक घसरून ४ वर किंवा खाली आला, तर ती माती आज गोडी असली तरी पोटात आम्ल बाळगून आहे. असा थर वरच्या ५० सेंटिमीटरमध्ये असेल तर त्या जमिनीचे नाव सल्फाक्वेन्ट. आम्ल सुटून सामू ३.५ पर्यंत उतरलेला थर तेवढ्याच खोलीत असेल तर सल्फाक्वेप्ट. नावे बोजड आहेत, पण पहिलीची दुसरी व्हायला कधी कधी एक चर पुरतो. दुसरीत मातीच्या भेगांतून, जुन्या मुळांच्या वाटेने वाळल्या गवतासारखे फिकट पिवळे डाग दिसतात. ते जारोसाइट, आम्ल सुटल्यावर बनणारे खनिज. पिवळे दिसले म्हणजे उशीर झाला.

घाई असेल तर चिमूटभर मातीवर ३० टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड टाकतात (हातमोजे, चष्मा घालूनच). जोरात फसफसून सामू तीनच्या खाली गेला तर संशय पक्का. नमुना मात्र वरच्या वीतभर मातीचा नको, चर जिथवर जाणार आहे तिथवरचा हवा. पिशवीतली हवा काढून थंड ठेवून तो लवकर पोचवावा, नाहीतर वाटेतच आम्ल होते.

जिप्समबद्दल थोडक्यात. ते सोडियमने बिघडलेल्या चोपण जमिनीचे औषध. त्यात कॅल्शियम असते म्हणून लोक त्याला चुन्याचा भाऊ समजतात, पण ते आम्ल मारत नाही. मग चुना टाकू, असे कोणी म्हणेल. हिशेब करा: मातीत पायराइटचे गंधक १ टक्का असेल तर टनामागे साधारण ३१ किलो चुनखडी लागते. वरचे २० सेंटिमीटर धरले तरी एकरी २५ टनांच्या आसपास. त्यापेक्षा चिखल उघडाच न पाडणे स्वस्त.

राहिला तो फोटो. अशा जमिनीतले आम्ल चिकणमातीतले ॲल्युमिनियम विरघळवते. ते गढूळ पाण्यातला गाळ गोळा करून खाली बसवते, पाण्यात तुरटी फिरवल्यावर होते तेच. त्यामुळे चराचे पाणी संशय यावा इतके नितळ होते, आणि काठाला गंजासारखा तांबडा थर धरतो. ऑस्ट्रेलियातल्या ट्वीड नदीकाठी उसासाठी अशाच दलदली चर खणून कोरड्या केल्या होत्या. १९८७ मध्ये जोराचा पाऊस पडला, साठलेले आम्ल नदीत उतरले, आणि २३ किलोमीटरच्या पट्ट्यातले मासे मेले.