"पुरून टाका, विषय संपला" या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुम्ही लिहिलंत: "अणुबॉम्बचा उरलेला माल खोल खड्ड्यात पुरून टाकावा, विषय संपला. ग्रॅम-ग्रॅमचा हिशेब कशाला? आणि नागपुरात बसून आपल्याला त्याचं काय?"

आधी खड्ड्याचं बोलू, कारण तो खरोखरच आहे. न्यू मेक्सिको राज्यात जमिनीखाली सुमारे 650 मीटरवर, मिठाच्या थरात कोरलेल्या भांडारात अमेरिका 1999 पासून प्लुटोनियमने, म्हणजे अणुबॉम्बच्या किरणोत्सारी धातूने, दूषित झालेला कचरा ठेवते. फेब्रुवारी 2014 मध्ये तिथला 68660 क्रमांकाचा पिंप आतल्या आत तापून फुटला. त्यातल्या नायट्रेट क्षारांचा ओलावा शोषायला खनिज भुकटी हवी होती. कामाच्या लेखी सूचना बदलताना चूक झाली आणि पाळीव मांजरांच्या शौचासाठी मिळणारा, गव्हापासून केलेला भरडा त्यात पडला. नायट्रेटसोबत असा भरडा म्हणजे जळणच! भांडार जवळपास तीन वर्षं बंद राहिलं. मात्र तसेच भरलेले बाकीचे पिंप कुठे-कुठे आहेत हे शोधता आलं, ते प्रत्येकाला क्रमांक आणि नोंद होती म्हणून. खोल खड्ड्याने हे काम केलं नसतं.

हिशेबाचं म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था 8 किलो प्लुटोनियम एका बॉम्बपुरतं धरते. ते नाण्यांसारखं मोजता येत नाही. द्रावणात, पाइपांत, गाळण्यांत थोडं-थोडं अडकून राहतं आणि प्रत्येक मोजमापाला आपली त्रुटी असतेच. टनांनी माल हाताळणाऱ्या कारखान्यात एका टक्क्याची तफावत आली, तर ते प्लुटोनियम अडकलंय की कुणी नेलंय, हे सांगणार कोण? म्हणून ग्रॅमचा आग्रह.

शिवाय सगळंच पुरावं लागत नाही. 1993 ते 2013 या काळात रशियाच्या बॉम्बांमधलं 500 टन समृद्ध युरेनियम सौम्य करून अमेरिकेच्या वीजकेंद्रांत वापरलं गेलं. मला तरी याहून चांगली विल्हेवाट माहीत नाही.

आता नागपूर. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-60 हा किरणोत्सारी पदार्थ निघाला. दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पडून असलेलं, तेच कोबाल्ट आत असलेलं यंत्र लिलावात विकलं गेलं होतं. ते भंगारात हाताळणाऱ्यांपैकी एक कामगार मरण पावला, इतर काही जणांना किरणोत्साराने इजा झाली. ते बॉम्बचं साहित्य नव्हतं, पण नोंदीतून वस्तू निसटली की काय होतं, ते तिथे दिसलं. असे किरणोत्सारी स्रोत कॅन्सर हॉस्पिटलांत असतात, वेल्डिंगचे जोड तपासणाऱ्यांकडे असतात, आणि आपल्या शहरात दोन्ही आहेत. तुमच्या ओळखीत कुणाच्या लॅबमध्ये किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह असलेली जुनी पेटी धूळ खात पडली असेल, तर ती भंगारात काढण्याआधी अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवायला सांगा.